उकंडाकाका बोलायला शिकले

ढाणकीत बाजाराच्या रस्त्यानं खाली उतरलं की डाव्या हाताला पत्र्याच्या छपराची एक पिठाची चक्की लागते. आमच्या घरचं दळण माझ्या लहानपणापासून तिथलंच. चक्की उकंडा पाईकराव यांची, पण गावात तिला तसं कुणी म्हणत नसे. "कांताबाईच्या चक्कीवर डबा ठेवून ये," असंच आई मला सांगायची. चक्की काका चालवत आणि माणसं काकू सांभाळत.

काका आतल्या खोलीत असत. डोक्याला रुमाल, भुवयांवर पीठ, पट्ट्याचा आणि दगडाचा आवाज. बाहेर ओट्यावर डब्यांच्या रांगेत कांताकाकू. एखादी बाई डबा टेकवते न टेकवते तोच त्यांचं सुरू व्हायचं.

"गहू ओले दिसतात व माय, उनात नाई टाकले का?"

"सासूचा खोकला राह्यला का तुह्या?"

"शाळा सुटली का रे? काई खाल्लं का तसाच आला?"

यात शहाणपणाचं काही नसे. पण उत्तर ऐकेपर्यंत त्या समोरच्याकडे बघत राहायच्या, आणि पुढच्या वेळी आपण काय उत्तर दिलं होतं ते त्यांच्या लक्षात असे. ज्वारी दळायला पंधरा मिनिटं लागतात. बायका अर्धा-पाऊण तास थांबत.

काका बोलत नसत. चौदाव्या वर्षी ते दुसऱ्याच्या चक्कीवर कामाला लागले होते. त्या आवाजात ओरडून उपयोग नसतो, म्हणून सगळं खुणांवर चालायचं. दोन बोटं एकमेकांवर घासली की बारीक, तळहात आडवा हलवला की जाडं. पुढं स्वतःची चक्की झाली, लग्न झालं, मुलं झाली, पण खुणांची सवय राहिली. चक्की बंद करून घरात आले तरी ते चक्कीतच असल्यासारखे असत. घर म्हणजे चक्कीच्या मागच्या दोन खोल्या. काकू ताट वाढता वाढता दिवसभराचं सांगत आणि काका मधूनमधून "हं" म्हणत. कान शाबूत होते. नुसता "हं" तोंडातून निघायचा, आणि त्या वेळी काका आत कुठं असत ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, गेल्या दोन-तीन वर्षांत, तुकड्या-तुकड्यांनी. मी आता इथंच शाळेवर आहे. संध्याकाळी डबा घेऊन गेलो की ते मला बसवून घेतात. आधीचे उकंडाकाका ज्यांनी पाहिले आहेत त्यांना यावर विश्वास बसणार नाही.

उकंडा हे नाव त्यांना आजीनं दिलं होतं. त्यांच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. घरात बुद्धवंदना सुरू होऊन चार वर्षं झाली होती, पण आजीच्या मनातली भीती काही गेली नव्हती. तिनं जन्मलेल्या पोराला घटकाभर उकिरड्यावर, आमच्याकडच्या बोलीत उकंड्यावर, ठेवलं आणि उचलून आणताना तेच नाव ठेवलं, म्हणजे मरणाला वाटावं की हे टाकून दिलेलं आहे. काका म्हणतात, "नाव आयकलं का लोक हासायचे. म्हनून म्या नाव सांगाचंच बंद केलं. मंग हळूहळू बाकीचंबी सांगाचं बंद झालं." हे ते हसत हसत म्हणतात, पण मला ते पूर्ण गमतीतलं वाटत नाही.

आता त्या सकाळचं.

तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरातली गोष्ट. सात वाजले असतील. काका आतल्या खोलीत दगडाला टाकी मारत बसले होते. दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं त्याला पुन्हा खडबडीत करावं लागतं. त्या कामात लक्ष लागतं. स्वयंपाकघरातून काकू काहीतरी म्हणाल्या.

"हं," काका म्हणाले.

काकू पुन्हा काही म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा जरा जड होता, शब्द एकमेकांत घुसलेले होते. काकांना हे आता आठवतं. तेव्हा ते फक्त "हं" म्हणाले. तिसऱ्यांदा नुसता भांडं पडल्याचा आवाज आला आणि मग काही नाही. काकांना वाटलं, बोलणं संपलं. दगड बसवला, पट्टा चढवला, चक्की सुरू केली. त्या आवाजात पुढचं काही ऐकू येणार नव्हतं.

साडेआठला शेजारच्या हजराबी दळण घेऊन आल्या. हजराबी काकांहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. त्यांचं घर चक्कीच्या मागच्या भिंतीला लागून. ओटा रिकामा बघून त्यांनी आत डोकावून हातानंच विचारलं, कांता कुठं? काकांनी घराकडं बोट दाखवलं. मिनिटभरात हजराबी धावत परत आल्या आणि त्यांनी स्वतः चक्कीचं बटण बंद केलं.

काकू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. गॅसवर दूध जळून काळं झालं होतं. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे होते आणि ते दाराकडं लागलेले होते.

लकवा. गाडी करून उमरखेड, तिथून नांदेड. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "कधीपासून असं झालं?" सोबत आलेल्या हजराबीच म्हणाल्या, "मी गेली तवा असंच होतं, साहेब." डॉक्टरांनी काकांकडं बघितलं. "घरात कोण होतं?"

"मी होतो," काका म्हणाले. "मले माईत नाई."

या आजारात वेळ महत्त्वाची असते, एवढंच नंतर डॉक्टरांनी मुलाला समजावून सांगितलं. काका बाजूलाच उभे होते.

काकू वाचल्या. तीन आठवड्यांनी घरी आल्या, काठी घेऊन चालू लागल्या. उजवा हात पुरता परत आला नाही आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द सापडत नव्हता. एकच शब्द उरला होता, "सांगते." पाणी हवं असलं तरी "सांगते", दुखलं तरी "सांगते", कुणी आलं तरी हात वर करून "सांगते, सांगते." आणि मग तोंड हलायचं, आवाज अडायचा, डोळ्यांत पाणी यायचं.

मुलगा संघदीप पुण्याला कंपनीत, मुलगी शीला मुकुटबनला दिलेली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. दोघं येऊन राहिले, मग आपापल्या घरी गेले. जावंच लागतं. सुरुवातीला गावातल्या बायका रोज येत. बहिरं माणूस असल्यासारखं काकूंशी मोठ्यानं बोलत. काकू "सांगते" म्हणून थांबल्या की बायकांना काय करावं कळत नसे. त्या एकमेकींकडं बघत, मग काकांकडं बघत, आणि काका जमिनीकडं बघत. "येतो बाप्पा," म्हणून उठत. महिन्याभरात येणं विरळ झालं. डबे येत, पण डबा ठेवून माणूस निघून जाई. काही डबे बस स्टँडजवळच्या नव्या चक्कीकडं वळले. भांडण कुणाचं नव्हतं. त्या ओट्यावर थांबण्यासारखं आता काही नव्हतं, इतकंच.

फोनचंही तसंच झालं. आधी संघदीपचा फोन आला की काकू अर्धा तास बोलत. आता फोन काकांच्या हातात.

"बाबा, काय म्हणता?"

"ठीक."

"आई?"

"ठीक हाये."

"जेवण?"

"झालं."

पलीकडं संघदीप जरा वेळ थांबायचा. "बरं, ठेवतो मग."

फोन ठेवल्यावर काका त्याच्या काळ्या काचेकडं बघत राहायचे. पोराला आणखी काहीतरी विचारायला हवं होतं हे त्यांना कळे. काय विचारायचं असतं, ते मात्र माहीत नव्हतं. बापाच्या वाटचंही कांताच विचारत आली होती.

त्या दिवसांत एकदा दुपारी मी डबा घेऊन गेलो. ओट्यावर एकही डबा नव्हता, पण चक्की सुरू होती. आत डोकावलं तर वरच्या टोपात दाणासुद्धा नाही, दगडावर दगड घासून करकर आवाज येतोय आणि काका शेजारी बसलेले. मला बघून त्यांनी घाईनं बटण बंद केलं. दोन वर्षांनी त्यांनी त्याचं कारण सांगितलं. "आवाज पायजे होता गा. घर आयकू येत होतं."

नांदेडला महिन्यातून एकदा बोलण्याचा सराव घेणाऱ्या एक मॅडम होत्या. तरुण मुलगी, समजूतदार. तिनं चित्रांची पाकिटं दिली, सफरचंद, विमान, छत्री. काकूंनी डाव्या हातानं ती सगळी टेबलावरून बाजूला सारली. मॅडम काकांना म्हणाल्या, "चित्रं राहू द्या. तुम्ही घरात बोला. मोठं काही नको. आता पाणी देतो, आता चहा ठेवतो, आज थंडी आहे. जे रोज बोलता तेच बोला. ऐकून ऐकून वाट मोकळी होते."

काका म्हणाले, "मॅडम, मले बोलता येत नाई."

मॅडमना वाटलं, हे काकूंचंच सांगतायत. "त्यांना येईल हो हळूहळू."

"तिचं नाई. माहं."

घरी येऊन त्यांनी सुरुवात केली. आधी दार लोटून घेतलं, कुणी ऐकू नये म्हणून. "पानी देतो," म्हणाले आणि पाणी दिलं. "हा पेला हाये." काकूंनी त्यांच्याकडं असं बघितलं की काकांना घाम फुटला. "आता भात टाकतो." "कुकर लावला." तिसऱ्या दिवशी बोलायचं संपलं. घरातल्या वस्तू संपल्या, कामं संपली, आणि थंडी आहे हे सकाळीच सांगून झालं होतं.

चौथ्या दिवशी ते हजराबींच्या दारात गेले. इतक्या वर्षांत ते त्या दारात एकटे असे कधी गेले नव्हते. हजराबी अंगणात खाटेवर बसून लसूण सोलत होत्या.

"काय झालं भाऊ? कांता ठीक हाये ना?"

"ठीक हाये. भाभी, एक विचारायचं होतं."

"बोला."

"कांता तुमच्या संगं काय बोलायची?"

हजराबींचा हात थांबला. "कायले?"

"मॅडमनं बोलाले सांगतलं. मले सुचत नाई. ते जे बोलायची तेच म्या बोललो तं तिले बरं वाटन, म्हनून."

"चाळीस वर्सं एका घरात राह्यले, अन् बायको काय बोलते ते मले इचारून राह्यले?"

काका उभेच राहिले. त्यांच्या रुमालावरचं पीठ अंगणात पडत होतं. हजराबींनी लसणाचं सूप बाजूला सरकवलं आणि खाटेवर जागा केली.

"घुटना कसा हाये, इचारायची," त्या म्हणाल्या. "बस. रोज. माह्या घरात पाच मानसं हायेत भाऊ, सगळे चांगले हायेत, पन कोनी इचारत नाई. त्याईले माईत हाये का घुटना दुखतेच. कांतालेबी माईत होतं, तरी इचारायची. मी म्हनो, कालच्याहून बरा हाये. नसला तरी म्हनो."

काका खाटेच्या कडेला बसले.

"अन् तुमचं तं लई सांगायची."

"माहं?"

"तुमी काय बोलले ते. 'हे म्हनत होते, भाभीले सांग, दळनाचा डबा डोक्यावर आनू नोको म्हना, मी येतो न्याले.' 'हे म्हनत होते, नसरीनच्या लग्नातली बिर्यानी लई मस्त झालती.' माह्या नौशादले नोकरी लागली तवा आली अन् म्हने, 'हे लई खूश झाले, म्हने पोरानं नाव काढलं.' आमी घरात म्हनो, हा मानूस बाहीर मुका हाये, पन घरात पुरा रेडिओ हाये."

काकांना नसरीनच्या लग्नातली बिर्याणी आठवत होती. ते जेवले होते, घरी आले होते, झोपले होते.

"म्या नाई म्हनलं, भाभी," ते म्हणाले. "कधीच नाई म्हनलं."

हजराबी त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि उगाच लसणाच्या साली गोळा करू लागल्या. "मले वाटायचं कधी कधी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पन ते असं सांगायची भाऊ, का खोटं वाटायचं नाई."

काका घरी आले. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांच्याकडं न बघता काका चक्कीत गेले आणि तिथं पिठाच्या पोत्यावर बसून राहिले. चक्की सुरू केली नाही. या बाईनं इतकी वर्षं नवऱ्याच्या तोंडी चांगले शब्द घातले, ते गावात वाटले, आणि घरी येऊन एका "हं" समोर जेवली. संध्याकाळी एकटीनं बसून ती ते शब्द जुळवत असेल का? हे असं म्हणाले असते, ते तसं म्हणाले असते? की सांगता सांगता तिला स्वतःलाच खरं वाटू लागलं होतं? तिला विचारायची आता सोय नव्हती.

त्याच आठवड्यात त्यांनी शीलाला फोन लावला. आपणहून लावलेला तो पहिला फोन. शीला घाबरली. "बाबा, काय झालं? आई कशी हाये?"

"ठीक हाये. असाच लावला." मग काकांनी विचारलं, "शीला, आई तुले फोनवर माहं काई सांगायची का?"

"हो ना. सांगायची ना."

"काय सांगायची?"

"अहो बाबा, तुम्हीच बोलले ते. माह्या पहिल्या बाळंतपणात मी लई घाबरली होती. तवा आई म्हणाली, बाबा म्हणून राह्यले, शीला लहानपणी विंचू चावला तरी रडली नाही, तिले काही होत नाही. मी ते दवाखान्यात मनात घोकत होती." शीला थांबली. "तुम्ही म्हणले होते ना, बाबा?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हो," ते म्हणाले. "म्हनलं होतं."

मला हे सांगताना ते म्हणाले, "हे म्या खोटं बोललो. पन ते कांताचं होतं. ते मोडाची माही हिंमत झाली नाई."

त्यानंतर एका दुपारी त्यांनी काकूंना त्या सकाळचं सांगितलं. आधी चहा केला, बशीत ओतून दिला, समोर बसले. "कांता, त्या दिवशी तू बोलून राह्यली होती. दोनदा बोलली, मंग भांडं पडलं. म्या हं म्हनलं. आयकलंच नाई. दगडाले टाकी मारत होतो, मंग चक्की लावली. दीड घंटा तू तिथं बसून होती. डाक्टरले म्या सांगतलं, मले माईत नाई. माईत होतं."

माफी असा शब्द त्यांना येत नव्हता, तो त्यांनी वापरलाही नाही.

काकूंनी बशी खाली ठेवली. बराच वेळ त्यांच्याकडं बघितलं. मग काठी घेतली, उठल्या, आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडल्या. संध्याकाळी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी काकांच्या हातचं पाणी घेतलं नाही, स्वतः लंगडत माठापाशी गेल्या. पाच दिवस असं चाललं. त्या पाच दिवसांत त्या घरात जो एक शब्द उरला होता, तोही त्यांनी उच्चारला नाही.

काका मात्र बोलत राहिले. एकदा सुरू झाल्यावर गप्प बसण्याचं त्यांना भय वाटायला लागलं होतं. आता ते दार लोटत नव्हते. ओट्यावर आलेल्या माणसाला विचारत आणि घरात येऊन काकूंच्या पाठीला सांगत. "सुखीबाई आलती. तिची म्हैस व्याली." "मास्तर आलता, त्याच्या पोराले ताप हाये." "हजराभाभीचा घुटना कालच्याहून बरा हाये म्हने. नसन बरा, पन तशी म्हने." ओट्यावरचं त्यांचं बोलणं सुरुवातीला फार अवघड होतं. पहिल्यांदा माझ्या बायकोला त्यांनी विचारलं, "जेवन झालं का?" तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. तिला हसू आवरेना. पण घरी येऊन ती म्हणाली, "काका बोलले आज," आणि दुसऱ्या दिवशी पिठाची गरज नसताना डाळ भरडायला घेऊन गेली.

सहाव्या दिवशी काका काकूंच्या ताटात वरणभात वाढून शेजारी बसले. घास भरवू दिला नाही, डाव्या हातानं काकूंनीच खाल्ला. खाल्ला आणि थांबल्या. कपाळाला आठी पडली. ओठ हलले, अडले, पुन्हा हलले.

"मीठ," काकू म्हणाल्या.

काकांना आधी कळलंच नाही. मग ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. "काय म्हनली? काय म्हनली तू?"

"मीठ!" काकू चिडून म्हणाल्या.

काका पायात चप्पल न घालता हजराबींच्या अंगणात गेले. "भाभी, मीठ म्हनली! कांता मीठ म्हनली!" हजराबी धावत आल्या, त्यांच्या मागं माहेरी आलेली त्यांची नसरीन आली, पलीकडची सोनू आली. सगळे काकूंभोवती उभे. आणि काकू रागानं ताटाकडं बोट दाखवतायत, कारण या गोंधळात वरणात मीठ कुणीच घातलं नव्हतं.

माणसं पुन्हा येऊ लागली, पण पहिल्यासारखी नाहीत. ओटा पहिल्यासारखा भरत नाही. काकूंचे शब्द एकेक करून येतात. मीठ आलं, मग "बाहीर", मग "शीला", मग "नोको". आज पन्नासेक असतील. दोन शब्द जोडताना अजूनही दम लागतो आणि कधी कधी अर्ध्यावरच त्या हात झटकून सोडून देतात. काकांचं नाव त्यांनी घेतलेलं नाही. आधीही घेत नव्हत्या.

काकांना काकूंनी माफ केलं का, हे मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "ते मले कसं समजन? तिले सांगता येत नाई अन् मले ओयखता येत नाई. चहा घेते माह्या हातचा." मग थोड्या वेळानं म्हणाले, "मास्तर, एक सांगू का? मी आता दिवसभर बोलतो. पन मले जे आयकाचं हाये ते आता कोनी बोलत नाई. ते इतकी वर्सं रोज सांगत होती. गहू कोनाचे, लगन कोनाचं, तिले स्वतःले काय वाटलं ते. सारं माह्या कानावरून गेलं. त्यातलं एकबी वाक्य मले आठवत नाई. एक तरी आठवाले पायजे होतं." त्यांनी रुमाल काढून झटकला आणि माझा डबा आत नेला.

गेल्या नोव्हेंबरात दोघं शीलाकडं मुकुटबनला गेले. उमरखेडहून यवतमाळ, तिथून वणीची बस. मी उमरखेडपर्यंत सोडायला गेलो होतो. पुढचं काकांनी परत आल्यावर सांगितलं. बसमध्ये काकूंना खिडकी दिली. करंजी सोडल्यावर दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटलेली, बाया वेचणीला वाकलेल्या. काकांनी सुरू केलं. "हे पाय, कापूस कसा फुटला. त्या बाईच्या डोक्यावरचं गाठोडं पाय केवढं हाये. ते तिकडं बंडी उभी हाये, बैल सोडले हायेत. आता मारेगाव येईन. शीलानं भाजी केली असन. काय केली असन?"

पुढच्या सीटवरचा एक तरुण कानात वायरी घालून झोपायला बघत होता. त्यानं शेवटी मान वळवली. "बाबा, किती बोलता हो तुमी! जरा दम घ्या ना."

काका म्हणाले, "हो बाप्पा," आणि गप्प बसले. बस मारेगावला थांबली, माणसं चढली-उतरली, बस निघाली. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग त्यांनी डाव्या हाताच्या कोपरानं काकांना ढोसलं आणि बाहेर बोट दाखवलं. रस्त्याकडेला एक बाई तान्ह्या पोराला कडेवर घेऊन बसला हात करत होती. बस तिथं थांबणारी नव्हती.

"लेकीकडं चालली असन," काका त्यांच्या कानापाशी तोंड नेऊन, त्या पोराला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले. "नाईतं दवाखान्यात. नाई, पिशवी मोठी हाये. मुक्कामाचीच हाये. दुसरी बस येईन तिले."

वणी यायला अजून वेळ होता.